एक ताट वसंतदादांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट कबूल करते. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. मराठी होतं, पण आठवड्यातून मोजके तास, आणि निबंध म्हणजे गाईडमधला पाठ करून उतरवायचा. त्यामुळे हा लेख लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाने माझे जे हाल केले ते माझ्या रूममेटने बघितले आहेत. तिने तपासून दिला म्हणून छापण्यालायक झाला. तरी काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

झालं असं, की गेल्या सेमिस्टरला प्लेसमेंटच्या तयारीसाठी मॉक इंटरव्ह्यू होते. टेक्निकल प्रश्न संपले आणि समोरच्या सरांनी सहज विचारलं, की आज हयात नसलेल्या एका राजकीय नेत्याला जेवायला बोलवायचं झालं तर कोणाला बोलावशील, आणि का? मी एका सेकंदात अब्राहम लिंकनचं नाव सांगून मोकळी झाले. सहावीत एलोक्यूशनला त्यांच्यावर पाठ केलेलं भाषण होतं ना! पण "का" या प्रश्नावर माझी गाडी जी थांबली ती थांबलीच. सर हसले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

रात्री मेसमध्ये हाच विषय निघाला. कोणी डॉ. आंबेडकर म्हटलं, कोणी लालबहादूर शास्त्री, कोणी यशवंतराव. ताटातली शेवभाजी थंड होईपर्यंत चर्चा चालली. मग मी गंमत म्हणून चोपड्याला आत्याला फोन लावला आणि तिला तोच प्रश्न विचारला. माझी आत्या हायस्कूलमध्ये गणित शिकवून रिटायर झाली आहे, उत्तर द्यायला ती कधीच वेळ घेत नाही. तिने लगेच सांगितलं, वसंतदादा पाटील.

खरं सांगते, मला फक्त नाव माहीत होतं. कारण विचारलं तर आत्या म्हणाली की तू आज जिथे बसून जेवते आहेस ते कॉलेज बघ, आणि दादा किती शिकले होते ते शोध. एवढं बोलून तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच लायब्ररीतल्या मराठीच्या कपाटाकडे गेले. पुढे जे लिहिते आहे ते तिथून आणि आत्याकडून मिळालेलं आहे.

वसंतराव बंडूजी पाटील यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. गाव सांगलीजवळचं पद्माळे, घर शेतकऱ्याचं. ते तान्हे असतानाच साथीच्या रोगात आई आणि वडील दोघंही गेले. आजीने त्यांना वाढवलं. शिक्षण झालं सातवीपर्यंत. बस, तेवढंच. आपल्याकडे सातवीत मुलं ऑलिम्पियाडचे क्लास लावतात, आणि या माणसाची शाळा तिथेच संपली. पुढे सगळे त्यांना "दादा" म्हणू लागले. आपल्या खान्देशात मोठ्या भावाला म्हणतात तोच शब्द.

पोरवयातच ते स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढले गेले. १९४२ साली चले जाव आंदोलन सुरू झाल्यावर ते भूमिगत झाले. तारा तोडणं, रेल्वे आणि पोस्टाचं काम बंद पाडणं, शस्त्रं जमवणं, अशी कामं त्यांच्या गटाने केली. शेवटी पकडले गेले आणि सांगलीच्या किल्ल्यातल्या तुरुंगात त्यांना ठेवलं. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं.

आता पुढची गोष्ट एखाद्या पिक्चरसारखी आहे, पण शंभर टक्के खरी आहे. २४ जुलै १९४३ ला दादा आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, तटावर चढले आणि बाहेर उड्या टाकल्या. दिवस पावसाळ्याचे. मागे पोलीस, पुढे कृष्णा नदी. गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोन साथीदार हुतात्मा झाले. दादांनाही गोळी लागली, ते जखमी झाले आणि पुन्हा पकडले गेले. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. आपल्याकडून त्या वयात एम.टेक. पूर्ण व्हायची मारामार!

सांगली आपल्यापासून लांब वाटते, पण त्या काळात तितकी लांब नव्हती. दादा तुरुंगात असताना, १४ एप्रिल १९४४ ला, साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी आपल्या भागात आले होते. आपले डॉ. उत्तमराव पाटील वगैरे मंडळी त्यांच्याबरोबर होती. शिंदखेड्याच्या बाजूला चिमठाण्याजवळ त्यांनी सरकारी खजिन्याची गाडी अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये चळवळीसाठी नेले. धुळ्याला जाताना ज्या भागातून आपण कानात इअरफोन घालून जातो, तो असा भाग आहे. मला हे वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

१९४६ साली दादा सुटले. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत सांगलीतून आमदार झाले. पण त्यांचं खरं काम सुरू झालं ते सहकारात. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला होता. त्याच वाटेने दादांनी सांगलीला शेतकरी सहकारी साखर कारखाना काढला. पुढे तो देशातल्या मोठ्या कारखान्यांमध्ये मोजला जाऊ लागला.

सहकारी कारखाना म्हणजे काय हे मलाही नीट माहीत नव्हतं, म्हणून थोडक्यात सांगते. शेतकरी शेअर घेतात, सरकार भांडवलाला हातभार लावतं, कर्जाला हमी देतं. ऊस शेतकऱ्याचा आणि कारखानाही त्याचाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेअर एक असो की दहा, प्रत्येक सभासदाला मत एकच. संचालक निवडायचे ते सभासदांनी. हे लक्षात ठेवा, शेवटी मला याच मुद्द्यावर यायचं आहे.

सातवी शिकलेल्या या माणसाला तंत्रज्ञानाचं महत्त्व मात्र कळत होतं. उसाचं बियाणं, रस काढण्याची पद्धत, मशिनरी, माणसांचं ट्रेनिंग यासाठी १९७५ साली सहकारी कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला संस्था सुरू केली. त्यामागे दादा होते. त्यांच्या निधनानंतर तिला त्यांचंच नाव दिलं, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. केमिकलच्या मित्रांना ही संस्था माहीत असेलच. १९६७ साली त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. सत्तरच्या दशकात ते राज्याचे पाटबंधारे मंत्री झाले.

मे १९७७ मध्ये दादा पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. १९७८ च्या निवडणुकीनंतर दोन काँग्रेसचं मिळून सरकार आलं. त्यातही मुख्यमंत्री दादाच, आणि उपमुख्यमंत्री नासिकराव तिरपुडे. पण जुलै महिन्यात शरद पवार आमदारांचा गट घेऊन बाहेर पडले आणि दादांचं सरकार कोसळलं. राजकारणावर मी जास्त लिहीत नाही, मला त्यातलं कळतही नाही. एवढंच दिसतं की हा माणूस पडला तरी घरी बसला नाही. १९८० ला सांगलीतून लोकसभेवर गेला आणि २ फेब्रुवारी १९८३ ला पुन्हा मुख्यमंत्री झाला.

आणि आता येते आपल्या सगळ्यांच्या आयुष्यातली तारीख, १९८३.

तोपर्यंत महाराष्ट्रात इंजिनिअरिंग कॉलेज म्हटलं की ठरावीक नावं. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद, अमरावती, नागपूर अशी. सीटा थोड्या आणि मार्कांची चढाओढ. खान्देशातल्या शेतकऱ्याच्या पोराला एक तर या शहरांमध्ये नंबर लावावा लागायचा, नाहीतर घरात पैसा असेल तर कर्नाटकात डोनेशन भरून जावं लागायचं. महाराष्ट्रातला पैसा आणि महाराष्ट्रातली पोरं, दोन्ही कर्नाटकात चालले होते. सरकारकडे नवीन कॉलेजं काढायला पैसे नव्हते.

दादांनी निर्णय घेतला की राज्यात खाजगी संस्थांना विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजं काढायला परवानगी द्यायची. सरकार अनुदान देणार नाही, संस्थेने फी घेऊन कॉलेज चालवायचं. झालं! त्याच वर्षी प्रवरेच्या लोणीला कॉलेज निघालं. जळगावजवळ बांभोरीला निघालं. आणि शिरपूरला आपलं. पाठोपाठ धुळ्यालाही निघालं. तापीच्या खोऱ्यात एका दमात इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. आपल्या कॉलेजच्या नावाच्या बोर्डाखालचं ते १९८३ आपण रोज बघतो. ते तिथे का आहे, हे मी तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

आता आत्याची गोष्ट सांगते, म्हणजे तिने दादांचं नाव का घेतलं ते कळेल. आत्या १९८१ साली बारावी सायन्स झाली. गणितात तालुक्यात नाव काढलं. तिचे सर स्वतः घरी आले आणि आबांना म्हणाले की पोरीला इंजिनिअरिंगला घाला. आबा काही वाईट नव्हते. पण पुणं म्हणजे एक रात्र, औरंगाबादला ओळखीचं कोणी नाही, आणि घरात पुढच्या दोन बहिणी लग्नाच्या. आबा दोन दिवस गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी आत्याचा बी.एस्सी.चा फॉर्म गावातच भरला. दोन वर्षांनी शिरपूरला कॉलेज सुरू झालं. चोपड्याहून दीड तासाची एसटी! आत्या तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. दोनच वर्षांनी तिची गाडी चुकली.

तिने हे कधी रडत सांगितलं नाही. पण २०२३ ला माझा कॅप राउंडमध्ये इथे नंबर लागला तेव्हा पप्पा फीच्या आकड्याकडे बघत बसले होते. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि केळीत काही राहिलं नव्हतं. आत्या कपाटातून पाटल्या घेऊन आली. त्या बँकेत ठेवून माझी पहिल्या वर्षाची फी भरली गेली. ज्या कॉलेजात तिला जाता आलं नाही, त्याची फी तिच्या पाटल्यांनी भरली!

म्हणून मला दादांबद्दल नुसतं कौतुकाचं लिहिता येत नाही, आणि नुसती टीकाही करता येत नाही.

टीका तर तेव्हाही खूप झाली. शिक्षणाचा बाजार होईल असं लोक म्हणत होते, आणि काही ठिकाणी तो झालाही. शिक्षणसम्राट हा शब्द त्याच काळाने मराठीला दिला. डोनेशनचा इतका बोभाटा झाला की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी विरोधी कायदा करावा लागला. १९९३ ला सुप्रीम कोर्टाने उन्नीकृष्णन खटल्यात फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी विभागणी आणली. २००२ ला अकरा न्यायाधीशांच्या खंडपीठाने ती बदलली. मग फी ठरवायला समिती आली. म्हणजे १९८३ च्या एका सहीची दुरुस्ती वीस वर्षं चालू होती. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट आधी रिलीज झालं आणि बग नंतर सापडत गेले.

दादांच्या बाकीच्या कारकिर्दीबद्दल दोन ओळी. त्यांच्या याच काळात पाणलोट विकासाची कामं राज्यभर हाती घेतली गेली आणि "पाणी अडवा, पाणी जिरवा" हे वाक्य गावोगावी भिंतींवर गेलं. शिरपूरकरांना याचं महत्त्व सांगायला नको. २००४ पासून इथे सुरेश खानापूरकर सरांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले गेले, त्याला सगळे शिरपूर पॅटर्न म्हणतात. सिव्हिलवाल्यांची तर तिथे ठरलेली व्हिजिट असते.

मार्च १९८५ ची निवडणूक जिंकून दादा परत मुख्यमंत्री झाले, पण प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केल्यावर पक्षाशी मतभेद झाले आणि जूनच्या पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्ची सोडली. पुढे जवळपास दोन वर्षं राजस्थानचे राज्यपाल होते. १ मार्च १९८९ ला त्यांचं निधन झालं. ज्या कृष्णेच्या दिशेने ते गोळ्या चुकवत पळाले होते, त्याच नदीकाठी सांगलीत त्यांची समाधी आहे.

तर आता माझं जेवणाचं आमंत्रण.

दिवस डिसेंबरचा ठेवीन, कारण भरीत डिसेंबरचंच. जळगावची हिरवी वांगी काट्यांवर भाजून, कांद्याची पात घालून केलेलं. सोबत कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि बिबडे. जागा आपल्या होस्टेलची मेस. टेबल-खुर्ची काढून पंगत मांडायची. धोतर आणि पांढरी टोपी घातलेले दादा मधल्या पाटावर, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मी. जेवताना दादांशी मराठीतच बोलायचं आहे, म्हणून ही लेख लिहायची प्रॅक्टिस कामाला येईल.

आधी मी त्यांना थँक्स म्हणेन. कारण कॉलेज दीड तासावर नसतं तर पप्पांनीही बहुतेक आबांसारखेच दोन दिवस गप्प बसून तिसऱ्या दिवशी बी.एस्सी.चा फॉर्म आणला असता. आपल्या मुलींच्या होस्टेलमध्ये अशा किती जणी आहेत ते आपल्यालाच माहीत आहे. लांब पाठवणार नाही, पण शिरपूर चालेल, असं घरून ऐकलेल्या! सातवीत शाळा सुटलेल्या माणसाने आमच्यासाठी दार उघडलं.

मग भाकरीचा दुसरा तुकडा मोडल्यावर मी माझा प्रश्न विचारेन. दादा, कारखाना काढताना तुम्ही शेतकऱ्याला नुसता ऊस घालणारा ठेवला नाही, त्याला सभासद केलंत, मत दिलंत. मग कॉलेज काढायला परवानगी देताना विद्यार्थी आणि पालक नुसते फी भरणारे का राहिले? तिथे आमचा शेअर कुठे होता? उसाच्या वजनाइतकीच आमच्या फीचीही कोणीतरी मोजदाद ठेवायला हवी होती, हे तेव्हा सुचलं नाही का?

या प्रश्नाचं उत्तर मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण उत्तराचा एक भाग काळाने दिला आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. म्हणजे १९८३ ला सरकारने पैसे देणार नाही सांगून जे दार उघडलं, त्याच दाराशी एक्केचाळीस वर्षांनी सरकार काही जणींची फी घेऊन उभं राहिलं. दुसऱ्या वर्षापासून माझीही फी त्यात माफ झाली आणि गेल्या दिवाळीआधी आत्याच्या पाटल्या बँकेतून सुटल्या. मला वाटतं दार उघडणं हे एक काम आहे आणि प्रत्येकाला आत येता येईल असं बघणं हे दुसरं. दादांनी पहिलं केलं. दुसरं अजून पूर्ण व्हायचं आहे.

पूर्ण व्हायचं आहे असं म्हणते, कारण माझा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. त्याला मेकॅनिकलच करायचं आहे. मुलगा असल्यामुळे त्याला जास्तीत जास्त अर्धी फी माफ होईल. परवा घरी गेले तेव्हा आत्याच्या हातात पाटल्या नव्हत्या. मी घाबरून विचारलं तर म्हणाली की घातल्याच नाहीत, परत काढताना जीवावर येतं, त्यापेक्षा डब्यातच बऱ्या.

पंगतीत हे मी दादांना सांगणार आहे. आणि आत्या मला नक्की गप्प बसवणार, आणि त्यांच्या ताटात अजून एक भाकरी वाढणार.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी